गॉर्डनच्या आजोबांचं रिव्हॉल्व्हर मी कसं चकचकीत केलं

घ्या, चहा घ्या. चिवडाही घ्या. पण एक अट आहे. मी सांगत असताना मध्येच "अरे देवा" म्हणून कपाळावर हात मारायचा नाही. त्या कामाला आमची बायको मंजिरी आहे आणि ती ते मन लावून करते.

सगळे म्हणतात, मी घोळ घातला. घातला! नाही कुठे म्हणतोय? आणि असा घातला की थेट पोलीस दारात आले. पण मी तो एकट्याने घातला का? गॉर्डनच्या कानांचा त्यात वाटा नाही? त्याच्या कुत्र्याचा नाही? या देशातल्या लोकांना तोंडावर "अरे गाढवा, थांब" म्हणता येत नाही, त्याचा काहीच वाटा नाही? तुम्हीच ऐका आणि तुम्हीच ठरवा.

तर, आमच्या लेकीचं, सानिकाचं, लग्न ठरलं ब्रायनशी. वॉटर्लूच्या विद्यापीठात दोघं एकत्र शिकले. मुलगा सालस, वरणभातसुद्धा हाताने खातो. त्याचे आईवडील म्हणजे गॉर्डन आणि लिंडा. ते लंडनच्या बाहेर एका जुन्या फार्महाउसमध्ये राहतात. लंडन म्हणजे आपलं, इथलं कॅनडातलं, ऑन्टारिओतलं. हे मी पुण्याला माझ्या बहिणीला समजावून थकलो. तिने सगळ्या सोसायटीत "भाचीला लंडनचं सासर मिळालं" असं जाहीर केलंय आणि आता ते मागे घ्यायची तिची तयारी नाही.

व्याह्यांना भेटायची आमची ही पहिलीच वेळ. थँक्सगिव्हिंगला, म्हणजे इथल्या ऑक्टोबरातल्या सणाला, त्यांनी जेवायला बोलावलं होतं. आमच्या घरून, वॉनहून, निघालो तेव्हापासून सानिका मागच्या सीटवरून सूचना देत होती.

"बाबा, प्लीज. नो पॉलिटिक्स. नो लेक्चर्स. अँड डोन्ट फिक्स एनिथिंग, ओके?"

म्हणजे मागे एकदा ब्रायनच्या फ्लॅटमधला नळ मी दुरुस्त केला होता. खालच्या मजल्यावरच्या माणसाच्या बेडरूममध्ये पाणी गेलं, ते प्लंबिंगच जुनं होतं म्हणून! पण सांगतो कोणाला?

"ती बरोबर बोलतेय," मंजिरी म्हणाली. "तुम्ही आज फक्त हसायचं आणि 'व्हेरी नाइस' म्हणायचं."

एका माणसाने अख्खं थँक्सगिव्हिंग "व्हेरी नाइस"वर काढायचं! पण मी मान हलवली. मुलीच्या सासरी चाललो होतो.

दार गॉर्डनने उघडलं. हा एवढा उंच. हात असा की फावड्याशिवाय बर्फ उपसावा. त्याच्या पायाशी एक कुत्रा, आणि तो आम्हाला बघून असा भुंकतोय, जणू आम्ही घर रिकामं करायला आलोय! त्या गोंगाटात गॉर्डनने माझा हात हातात घेतला आणि विचारलं, "सो, श्री! तुझं काम कसलं?"

मी नेटवर्कमधला माणूस. कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर बाहेरून कोणी हल्ला करू नये म्हणून आम्ही मध्ये एक अडसर घालतो, त्याला फायरवॉल म्हणतात. तेवढंच मी सांगितलं. कुत्र्यापेक्षा मोठ्या आवाजात सांगितलं.

"फायरवॉल्स!"

गॉर्डनला डाव्या कानाने कमी ऐकू येतं. कानाचं मशीन आहे, पण ते तो ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि रविवारी चर्चला जाताना घालतो. सुनेचे आईवडील पहिल्यांदा घरी येणार, त्या दिवशी घालावं असं त्याला वाटलं नाही! त्यामुळे माझ्या तोंडून निघालेल्या फायरवॉल्सची त्याच्या कानात शिरेपर्यंत फायरआर्म्स झाली. फायरआर्म्स! बंदुका! व्याही बंदुकांच्या धंद्यात आहे म्हटल्यावर एखादा माणूस दचकला असता. गॉर्डनचा चेहरा मात्र दिवा लावल्यासारखा उजळला.

"लिंडा!" तो आत वळून ओरडला. "ही इज द मॅन वी नीड!"

आता सांगा, असं स्वागत झाल्यावर कोणाची छाती फुगणार नाही?

जेवायला बसलो. ब्रायन आणि सानिका किचनमध्ये टर्कीशी झटत होते, म्हणजे मला आवरायला टेबलावर मंजिरीशिवाय कोणी नाही. गॉर्डनने माझ्या ताटात बटाट्यांचा डोंगर वाढला आणि हळूच विषय काढला.

"श्री, तुझ्याकडे जुनी येतात का कधी? अगदी जुनी?"

"जुनीच जास्त!" मी म्हणालो. "नवीन काय, कोणीही हाताळेल. जुन्यांना अनुभव लागतो. लोकांना ती टाकवत नाहीत, आणि चालू आहेत की बंद, हे त्यांनाच माहीत नसतं."

"एक्झॅक्टली!" गॉर्डनने टेबलावर हात मारला. "त्यांच्यात बदल करता येतात?"

"बदल? माझा दिवस त्यातच जातो."

"आणि टेस्ट कशी करता?"

"सोपं आहे. आम्ही आमच्याच ऑफिसवर हल्ला करतो."

लिंडाचा चमचा वाडग्यावरच थांबला. "ऑफिसमध्ये लोक असताना?"

"लोक असतानाच! त्यांना कळतसुद्धा नाही."

मंजिरी शांतपणे गाजर खात होती. तिला हे सगळं रोजचंच. लिंडाने मात्र माझ्यासमोरची सुरी उचलून थोडी पलीकडे ठेवली. मला वाटलं, जागा करतेय.

जेवण झाल्यावर, ब्रायन आणि सानिका किचनमध्ये भांडी आवरत असताना, गॉर्डन आतून एक लाकडी पेटी घेऊन आला. आत मऊ कापड, आणि कापडात एक रिव्हॉल्व्हर. खरं! काळपट, तपकिरी, ठिकठिकाणी गंजलेलं. त्याने आधी ते रिकामं असल्याचं मला दाखवलं, मग दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. सत्यनारायणाचा प्रसाद धरतात ना, तसं.

ते त्याच्या आजोबांचं. आजोबा रेल्वेत होते, कामगारांच्या पगाराची पेटी घेऊन एकटे गावोगाव फिरायचे. गॉर्डनचे वडील गेल्यावर त्यांच्या ट्रंकेतून हे त्याच्याकडे आलं. तेव्हापासून गॉर्डनच्या जिवाला घोर. कारण इथला कायदा तुम्हाला माहीत आहे. ते खूप जुनं, साधारण एकोणिसाव्या शतकातलं, म्हणजे कायद्याच्या भाषेत अँटिक ठरलं, तर लायसन्स न घेता घरात ठेवता येतं. तेवढं जुनं नसेल, तर घरात ठेवणंच गुन्हा. आणि गॉर्डनला ते पुढे ब्रायनला द्यायचं होतं, लग्नाची भेट म्हणून. एका लिलाववाल्या कंपनीतली बाई लवकरच ते तपासायला येणार होती.

"पण त्याआधी घरातल्या माणसाचं मत घ्यावं म्हटलं," गॉर्डन म्हणाला. "यू आर फॅमिली नाऊ. किती जुनं असेल? काय किमतीचं असेल? आणि याचं काही करता येईल का?"

आता तुम्ही म्हणाल, श्रीनिवासराव, तुम्ही तिथेच सांगायचं होतं, मला यातलं काही कळत नाही. सांगणार होतो! शपथेवर सांगतो, वाक्य ओठांवर आलं होतं. मला वाटलं, मी इंजिनियर आहे म्हणून तो विचारतोय बिचारा. कॉम्प्युटरच्या नादी लागण्याआधी मी मेकॅनिकलच केलं होतं पुण्याला. तरी मी नाही म्हणणार होतो.

तेवढ्यात मंजिरी कानाशी पुटपुटली, "अहो, तुम्हाला मिक्सरचं झाकण नीट लावता येत नाही. ठेवा ते खाली."

संपलं! भर सभेत, व्याह्यांसमोर! भले मराठीत का असेना! माझ्या जागी तुम्ही असता तर ठेवलं असतं खाली?

मी रिव्हॉल्व्हर हातात तोललं. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. त्याचा वास घेतला. वास कशासाठी घेतला ते विचारू नका, पण त्याने वजन पडतं. मग मी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणालो, "एटीन नाइन्टीज."

गॉर्डनने श्वास सोडला. लिंडाने छातीवर हात ठेवला. आवडलं मला ते.

"किमतीचं म्हणाल तर," मी म्हणालो, "या अवस्थेत काही खरं नाही. पण साफ झालं तर एक बऱ्यापैकी गाडी येईल."

"आणि बदल?"

त्याला विचारायचं होतं की ते कायमचं निकामी करून काचेच्या चौकटीत बसवता येईल का. मला वाटलं, तो गंजाचं विचारतोय. दुसरं काय वाटणार? समोर गंज दिसतोय! आमच्याकडे पितळेची समई काळी पडली की आई चिंच-मीठ लावून अशी घासायची की तीत तोंड दिसायचं. मला उपाय ठाऊक होता.

"भरपूर वाव आहे," मी म्हणालो. "मला थोडं व्हिनेगर, मीठ आणि तुमचं गराज द्या."

गॉर्डनला ते विचित्र वाटलं असणार. पण तज्ज्ञाला कसं अडवायचं? तो म्हणाला, "यू नो बेस्ट," आणि कुत्र्याला फिरवायला घेऊन गेला. गेला! आजोबांची ठेव एका अनोळखी माणसाच्या हातात देऊन कुत्र्याला फिरवायला! आणि निष्काळजी कोण? मी!

गराजमध्ये मी जीव ओतून काम केलं हो. आधी व्हिनेगर आणि मीठ. त्याने नुसती खपली निघाली. मग तारेचा ब्रश. मग कोपऱ्यात गॉर्डनचं घासायचं मशीन दिसलं, गरगर फिरणाऱ्या तारांचं चाक लावलेलं. ते सुरू केलं आणि काय सांगू, खालून चांदीसारखं लोखंड वर यायला लागलं! नळीच्या खालच्या बाजूला काही बारीक अक्षरं आणि आकडे होते, त्यांत गंज रुतून बसला होता. तोही काढला. मुठीच्या वर कोणीतरी खिळ्याने ओरखडे मारून ठेवले होते. तेसुद्धा गुळगुळीत केले. अर्धवट काम मला आवडत नाही.

गॉर्डन परत आला तेव्हा मी ते त्याच्यासमोर धरलं. ट्यूबलाइटखाली लखलखत होतं.

त्याने ते उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "ओह. वेल. दॅट्स... इंटरेस्टिंग."

आता मला सांगा, मी इतकी वर्षं या देशात राहतोय, पण कॅनडाच्या माणसाचं "इंटरेस्टिंग" म्हणजे आपली अस्सल शिवी असते, हे कोणी शिकवलं मला? मी त्याची पाठ थोपटली. म्हणालो, "मेन्शन नॉट!"

घरी येताना गाडीत मी शीळ घालत होतो.

पुढे लिलाववाल्या बाईंची भेट ठरली, तेव्हा गॉर्डनने आम्हालाही बोलावलं. सानिका आणि ब्रायन आधीच पोहोचले होते. बाई आल्या, पांढरे केस, गळ्यात भिंग. त्यांनी हातमोजे घातले, पेटी उघडली आणि तशाच थिजल्या.

"हे कोणी केलं?"

आवाज हळू होता, पण आमच्या शाळेत मुख्याध्यापिका आल्या की व्हायची तशी शांतता झाली. कुत्रासुद्धा गप्प. वेळेवर कधी गप्प बसला नाही तो!

"मी," गॉर्डन म्हणाला.

मी चमकून त्याच्याकडे बघितलं. तो सरळ समोर बघत होता. व्याह्याची अब्रू झाकत होता हो! आणि मला अजून कळेना, झाकण्यासारखं झालंय काय? उलट रागच आला मला. एवढी मेहनत माझी, आणि श्रेय हा घेतोय?

"एक्स्क्यूज मी," मी म्हणालो. "ते मी केलंय."

मंजिरीने डोळे मिटून घेतले.

बाई माझ्याकडे वळल्या. गॉर्डन घाईघाईने म्हणाला, "श्री या क्षेत्रातला आहे. फायरआर्म्समध्ये."

"फायरवॉल्समध्ये," मी म्हणालो.

"तेच ते."

"तेच ते कसं? फायरवॉल्स! कॉम्प्युटरच्या!"

आधी सानिकाला कळलं. "ओ माय गॉड, बाबा," असं म्हणून ती ब्रायनच्या खांद्यात तोंड खुपसून बसली. मग लिंडाला कळलं. "म्हणजे तुम्ही ऑफिसवर हल्ला करता, तो..." ती म्हणाली आणि तिने खुर्चीत अंग टाकलं. गॉर्डन उठला, ड्रॉवर उघडला, कानाचं मशीन काढून कानात घातलं आणि परत येऊन बसला. आता! आता घालतोय!

बाईंनी मात्र मला सोडलं नाही. एकेक सांगत गेल्या आणि मी खुर्चीत खाली खाली सरकत गेलो. तो काळपट तपकिरी थर, ज्याला मी मळ म्हणत होतो, तोच त्याच्या वयाची खूण होता. तो असला की गिऱ्हाईक मिळतं. नळीखालची अक्षरं होती त्यांवरून ते कधी बनलं हे ठरलं असतं. शेजारचा नंबर होता त्यावरून ते अँटिक आहे की नाही, हे सिद्ध झालं असतं. आता त्याचं वय सांगता येत नाही. वय नाही म्हणून किंमत नाही. आणि कायद्याने ते नेमकं काय आहे हेच ठरत नाही म्हटल्यावर ते चौकटीत बसवणं सोडा, घरातही ठेवता येणार नाही.

"शिवाय," बाई म्हणाल्या, "या देशात हत्यारावरचा नंबर खोडणं हा गुन्हा आहे."

गुन्हा! मी! आयुष्यात कधी पार्किंगचा दंड झाला नाही मला!

त्यापेक्षा वाईट पुढेच होतं. गॉर्डन इतका वेळ मुठीच्या वरच्या भागावरून अंगठा फिरवत होता. तो हळूच म्हणाला, "इथे त्यांच्या नावाची अक्षरं होती. आजोबांनी खिळ्याने कोरली होती. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवायचो."

त्या ओरखड्यांच्या जागी आता माझा चेहरा दिसत होता. खरं सांगतो, त्या क्षणी मला कोणाचाही राग आला नाही. फक्त कुत्र्याचा थोडा आला.

पोलिसांना गॉर्डननेच फोन केला. एक तरुण कॉन्स्टेबल मुलगी आली. तिने रिव्हॉल्व्हर पिशवीत घातलं आणि माझ्यासमोर बसली.

"नंबर कशाने काढला?"

"आधी व्हिनेगर आणि मीठ. मग तारेचा ब्रश. मग मशीन."

"का?"

"स्वच्छ दिसावं म्हणून."

तिने पेन थांबवलं. "तुमचा व्यवसाय?"

"सिक्युरिटी."

"नेटवर्क सिक्युरिटी!" मागून सानिका किंचाळली. "बाबा, से द होल थिंग!"

त्या मुलीने माझ्याकडे बघितलं, गॉर्डनकडे बघितलं, टेबलावरच्या व्हिनेगरच्या बाटलीकडे बघितलं. ती बाटली मी पुरावा म्हणून गराजमधून आणून ठेवली होती. मग तिचे ओठ थरथरले. शेवटी तिने सांगितलं, यात कोणाचा वाईट हेतू दिसत नाही, प्रकरण इथेच संपेल, पण ते हत्यार नष्ट होईल. दारापाशी जाऊन ती वळली. "सर, प्लीज, दुसऱ्या कोणाला अशी मदत करू नका."

ती गेल्यावर मी गॉर्डनसमोर हात जोडले. तो म्हणाला, "इतकी वर्षं मला ठरवता येत नव्हतं, याचं काय करायचं. तू प्रश्नच मिटवलास, श्री." आणि माझ्या पाठीवर थाप मारली. जरा जोरातच मारली.

लग्न मोडलं नाही. मला वाटलं, माणसं मोठ्या मनाची आहेत, झालं गेलं विसरली. डिसेंबरमध्ये त्यांनी पुन्हा बोलावलं. गेलो. बाहेर बर्फ, आत हीटिंग, टेबलावर केक. लिंडाने तिच्या पणजीची चांदीची किटली बाहेर काढली होती, थोडी काळवंडलेली, फार सुरेख. वातावरण मोकळं व्हावं म्हणून मी कौतुकाने म्हणालो, "व्हेरी नाइस! जुनी दिसते." आणि हात पुढे केला.

लिंडा ताडकन उठली. किटली तिने छातीशी धरली आणि पळत आत गेली. गॉर्डनने गराजची किल्ली टेबलावरून उचलून खिशात टाकली. इकडे मंजिरीने माझी दोन्ही मनगटं घट्ट पकडून ठेवली.

अहो, मला फक्त चहा हवा होता!